सगळ्यांना माहीत असलेलं गुपित

'मुखवटा' हा शब्द आपण मराठीत बहुतेक वेळा वाईट अर्थानेच वापरतो. एखादा माणूस बोलतो एक आणि करतो एक, असं लक्षात आलं की आपण म्हणतो, "अखेर याचा मुखवटा गळून पडला!" म्हणजे मुखवटा खोटा आणि त्याच्या मागचा चेहरा खरा, हे आपण धरूनच चालतो.

पश्चिम आफ्रिकेत एक समाज असा आहे की जिथे हे समीकरण बरोबर उलटं मांडलेलं आहे. तिथे मुखवटा चढवल्यावरच माणसाला सगळ्या गावासमोर खरं बोलता येतं. पूर्वी तर मुखवट्यांचं न्यायालय भरायचं. आणि भर गर्दीत कुणी एखाद्याचा मुखवटा ओढून काढला, तर ती साधी खोडी समजली जात नसे. तो जवळजवळ खून समजला जाई. या समाजाचं नाव इग्बो. त्यांच्या मुखवट्यांविषयी मी वाचायला घेतलं ते नुसत्या कुतूहलापोटी, पण वाचता वाचता लक्षात आलं की हा विषय फक्त नाच-गाण्याचा नाही. माणसांनी एकत्र कसं राहायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला रोज भेटतो.

राजा नाही, पोलीस नाही

नायजेरियाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. नायजर नदी खाली दक्षिणेला येऊन समुद्राला मिळते. तिच्या खालच्या टप्प्याच्या पूर्वेला इग्बो लोकांचा मुख्य प्रदेश आहे. आज अनाम्ब्रा, एनुगू, इमो, आबिया आणि एबोनी ही पाच राज्यं मुख्यतः त्यांची मानली जातात. हौसा, योरुबा आणि इग्बो हे नायजेरियातले तीन सर्वांत मोठे समाज. त्यातल्या हौसा आणि योरुबा लोकांकडे मोठमोठी राजघराणी होती. इग्बो लोकांची गोष्ट वेगळी. ओनित्शा किंवा न्री यांसारखी काही गावं सोडली, तर बहुतेक ठिकाणी राजा असा नव्हताच. 'इग्बो लोकांना राजा नसतो' अशा अर्थाचं वचनच त्यांच्या भाषेत आहे.

मग गाव चालायचं कसं? गावसभा असायची, घराण्यांचे वडीलधारे असायचे, बरोबरीच्या वयाच्या मुलांचे आणि पुरुषांचे गट असायचे, पदवी मिळवलेले मानकरी असायचे, लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या लेकींचाही वेगळा गट असायचा आणि त्याला मान असायचा. हे सगळे मिळून निर्णय घ्यायचे. ऐकायला ही फार छान लोकशाही वाटते. पण तिच्यात एक मोठी अडचण आहे.

आपल्या विंगमधलंच उदाहरण घ्या. एक जण रात्री दोन वाजता मोठ्याने गाणी लावतो. दुसऱ्याने मेसचे पैसे तीन महिने थकवलेत. सगळ्यांना माहीत आहे, सगळे आपापसांत बोलतात, पण त्याला तोंडावर सांगणार कोण? जो सांगेल त्याला उद्या सकाळी त्याच्याच शेजारी उभं राहून दात घासायचे आहेत. हॉस्टेलवर निदान रेक्टर तरी असतात. त्या गावात रेक्टर नव्हते, पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता. आणि तिथले संबंध चार वर्षांचे नव्हते, पिढ्यान् पिढ्यांचे होते. आज मी तुझ्यावर दंड बसवला, तर तुझी मुलं माझ्या मुलांशी वैर धरणार.

या अडचणीवर इग्बो समाजाने जी अनेक उत्तरं शोधली, त्यातलं एक म्हणजे मुखवटा.

वारुळातून येणारे पाहुणे

इग्बो भाषेत या परंपरेला 'म्मान्वू' म्हणतात. 'म्मुओ' म्हणजे आत्मा. समजूत अशी की पूर्वज मेल्यावर संपत नाहीत. ते जमिनीखालच्या जगात असतात, आणि ठरावीक दिवसांत वारुळाच्या भोकांतून वर येऊन आपल्या माणसांना भेटतात. हे दिवस साधारणपणे शेतीची कामं उरकल्यानंतरचे, कोरड्या ऋतूतले. शिवाय एखादा मोठा मानकरी वारला की त्याला पोचवायलाही मुखवटे येतात.

आपण 'मुखवटा' म्हटलं की चेहऱ्यावरची लाकडी वस्तू डोळ्यांसमोर आणतो. इग्बो माणसाच्या दृष्टीने तो फक्त एक भाग झाला. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख, कापड, गवताचे धागे, बदललेला आवाज, चाल, ढोल, बासरी, सोबत पळणारे मदतनीस आणि समोरची गर्दी, हे सगळं मिळून 'म्मान्वू' होतो. हातापायाची कातडीसुद्धा दिसू नये अशी पुष्कळ ठिकाणी काळजी घेतात. कारण कातडी दिसली की माणूस दिसला.

मुखवट्यांचे प्रकार तर गावागणिक वेगळे. त्यातल्या दोन टोकांची ओळख करून घेऊ. पहिला 'आग्बोघो म्मुओ', म्हणजे कुमारिकेचा आत्मा. याचा चेहरा पांढरा, नाक सरळ आणि नाजूक, ओठ बारीक, डोक्यावर केसांची उंच गुंतागुंतीची रचना. पांढरा रंग तिथे शुद्धतेचा आणि आत्म्यांच्या जगाचा. अंगात घट्ट बसणारा, रंगीत कापडाचे तुकडे शिवून केलेला पोशाख. मुलगी कशी सुंदर, सालस आणि डौलदार असावी याचा हा आदर्श. गंमत म्हणजे आत नाचणारा नेहमी पुरुषच. दुसरं टोक म्हणजे 'म्गबेदिके'. हा प्रचंड डोक्याचा, शिंगं आणि दात असलेला, गडद रंगाचा, बघणाऱ्याला धडकी भरवणारा. त्याला आवरायला बरोबर माणसं लागतात. एकीकडे सौंदर्य आणि संयम, दुसरीकडे ताकद आणि दहशत. समाजाला दोन्ही लागतात, म्हणून दोन्ही मैदानात उतरतात.

आवाजाचं फिजिक्स

चेहरा झाकणं सोपं आहे. आवाजाचं काय करणार? लहान गावात आवाजावरून माणूस लगेच ओळखू येतो. इथे एक साधं उपकरण कामी येतं. एक छोटी नळी घ्यायची आणि तिच्या भोकावर अगदी पातळ पापुद्रा ताणून बसवायचा. त्या नळीतून बोललं की आवाज घोगरा, भुणभुणणारा, माणसाचा वाटत नाही असा होतो.

लहानपणी कंगव्यावर पातळ कागद धरून तुम्ही त्यावर गुणगुणला असाल. तत्त्व तेच. आपल्या आवाजाची पट्टी कंठातल्या पडद्यांच्या कंपनांवर ठरते, पण आवाज 'कुणाचा' हे ओळखू येतं ते घसा आणि तोंडाच्या पोकळीमुळे त्यात कमी-जास्त होणाऱ्या फ्रिक्वेन्सीजवरून. ताणलेला पापुद्रा स्वतः थरथरतो आणि त्या आवाजात स्वतःच्या ढीगभर जास्तीच्या फ्रिक्वेन्सीज मिसळतो. पट्टी तीच राहते, ओळख मात्र पुसली जाते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी याला सर्किटशिवायचा व्हॉइस चेंजर म्हणायला हरकत नाही.

काही मुखवटे तर फक्त आवाजाचेच असतात. ते रात्री निघतात आणि कुणाला दिसत नाहीत. ज्यांना दीक्षा मिळालेली नाही त्यांनी घरात दार लावून बसायचं. बाहेर अंधारात हे आवाज गाणी म्हणत फिरतात, आणि त्या गाण्यांत गावातल्या भानगडी असतात. कुणी चोरी केली, कुणी म्हाताऱ्या आईला वाऱ्यावर सोडलं. अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःचं नाव ऐकू येणं ही शिक्षा किती मोठी असेल, याची कल्पना करा.

न्याय कुणी दिला?

चिनुआ अचेबे या लेखकाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १९३० मध्ये इग्बो प्रदेशातल्या ओगिदी या गावी त्यांचा जन्म झाला आणि २०१३ मध्ये ते वारले. 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही त्यांची १९५८ ची कादंबरी जगभर वाचली जाते. तिच्यात मुखवट्यांच्या न्यायालयाचा एक प्रसंग आहे. नऊ वाड्यांचे नऊ पूर्वज मुखवट्यांच्या रूपात येऊन बसतात. खटला घरगुती आहे. नवरा बायकोला मारझोड करतो, म्हणून तिच्या भावांनी तिला माहेरी नेलंय. दोन्ही बाजू ऐकून मुखवटे निकाल देतात.

याच प्रसंगात अचेबेंनी एक बारीक गोष्ट टिपली आहे. नऊ मुखवट्यांपैकी एकाची चाल कादंबरीच्या नायकाच्या चालीसारखी आहे, हे त्याच्या बायकांच्या लक्षात येऊ शकतं. शिवाय मानकऱ्यांच्या रांगेत तो दिसत नाही, हेही त्यांना कळू शकतं. पण त्या हे मनातच ठेवतात.

मला वाटतं, सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. मुखवट्यामागे गावातलाच कुणीतरी आहे, हे गुपित खरं म्हणजे गुपित नाहीच. दीक्षा घेतलेल्या पुरुषांना ते माहीत असतं, कारण दीक्षेच्या वेळी मुलांची हिंमत पाहून झाली की त्यांना ते दाखवलं जातं आणि कुठेही न बोलण्याची शपथ घ्यायला लावली जाते. बायकांनाही माहीत असतं, कारण घरातला माणूस नेमका त्याच दिवशी कुठे गायब होतो हे त्यांना कळत नाही असं थोडंच आहे? पण बोलायचं कुणीच नाही.

मग ही सगळ्यांनी मिळून केलेली फसवणूक आहे का? तसं असेल तर आपणही रोज तेच करतो. न्यायाधीशांनी निकाल दिला की आपण म्हणतो, "कोर्टाने निकाल दिला." काळा कोट घालून उंच खुर्चीवर बसलेला माणूस संध्याकाळी बाजारात भाजी घेतो, हे आपल्याला माहीत असतं. तरी तो निकाल त्या भाजी घेणाऱ्या माणसाचा आहे असं आपण मानत नाही, आणि मानत नाही म्हणूनच हरलेला पक्षकार त्याच्या घरावर चाल करून जात नाही. आपल्या युनिव्हर्सिटीच्या पेपरवरही नाव नसतं, सीट नंबर असतो, आणि तोसुद्धा झाकून पेपर तपासायला पाठवतात. निर्णय आणि व्यक्ती यांच्यामध्ये एक पडदा असावा, ही गरज सगळीकडचीच. आपण पडदा परीक्षा देणाऱ्यावर टाकला, इग्बो लोकांनी तो न्याय देणाऱ्यावर टाकला.

म्हणजे शेजाऱ्याने दंड केला तर वैर धरता येतं. पूर्वजाने दंड केला तर कुणाशी वैर धरणार? दंड भरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याबरोबर शेतावर जायचं.

तोंडावर टिंगल

मुखवट्याचा उपयोग फक्त मोठ्यांनीच केला असं नाही. आजच्या एबोनी राज्यात अफिक्पो नावाचा भाग आहे. सायमन ऑटेनबर्ग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिथे राहून अभ्यास केला आणि १९७५ मध्ये त्याचं तिथल्या मुखवट्यांवरचं पुस्तक आलं. अफिक्पोत 'ओकुम्क्पा' नावाचं एक नाटक होतं. नाटक म्हणजे छोट्या छोट्या नकला आणि गाणी, कित्येक तास चालणारी. करणारी सगळी तरुण मुलं, तोंडावर लाकडी मुखवटे. विषय असतो गावातली खरीखुरी माणसं, आणि तीसुद्धा नाव घेऊन! लाच खाणारे पुढारी, कंजूष म्हातारे, बायकोपुढे मान खाली घालणारे नवरे, सगळ्यांचा समाचार घेतला जातो. ज्याची टिंगल होते तो समोर प्रेक्षकांतच बसलेला असतो. त्याने चिडायचं नाही हा नियम. चिडला तर तो आणखी हसू करून घेणार.

आपल्या गॅदरिंगमधला फिशपाँड आठवला ना? चिठ्ठीवर नाव नसतं म्हणून तर सरांवरही फिशपाँड टाकायची हिंमत होते, आणि सरही हसत हसत स्टेजवर येतात. फरक असा की आपल्याकडे फिशपाँडचा विषय बहुतेक करून कुणाचे केस आणि कुणाचं कुणाशी जुळतंय एवढ्यावरच संपतो. अफिक्पोच्या पोरांनी गावकारभाराचा हिशोब मागितला. एरवी वडीलधाऱ्यांपुढे ब्र न काढणाऱ्या मुलांना वर्षातून एकदा बोलायची जागा मिळते, आणि वडीलधाऱ्यांनाही कळतं की आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे.

याची तयारी लहानपणापासून असते. तिथली लहान मुलं भोपळा, नारळाची करवंटी, कापड असं हाताला मिळेल त्यातून स्वतःचे मुखवटे बनवतात आणि मोठ्यांची नक्कल करत फिरतात.

चार मीटरचा राजा

सगळ्या मुखवट्यांचा राजा मानला जातो तो 'इजेले'. हा अनाम्ब्रा भागातला. युनेस्कोने २००९ मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. उंची सुमारे चार मीटर, म्हणजे आपल्या वर्गाच्या छतापेक्षाही जास्त. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर रंगीबेरंगी कापड, मधोमध अजगराची आकृती जी वरचा आणि खालचा भाग वेगळा करते, आणि वर माणसं, प्राणी, झाडं, रोजच्या जगण्यातले प्रसंग यांच्या छोट्या छोट्या प्रतिकृती. म्हणजे एका माणसाने आपल्या डोक्यावर अख्खं गाव घेऊन नाचायचं.

युनेस्कोच्या नोंदीत दिलंय की शंभर माणसं सहा महिने हा पोशाख आणि तो ठेवायचं घर तयार करत असतात, असं लोक सांगतात. तो घालणाऱ्याची निवड चिठ्ठ्या टाकून होते. निवडलेल्याने तीन महिने वेगळं राहायचं आणि ताकद यावी म्हणून खास आहार घ्यायचा. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी जरा विचार करावा. उंची जास्त म्हणजे गुरुत्वमध्य वर. थोडा जरी झुकला तरी आतल्या माणसाच्या मानेवर आणि खांद्यावर मोमेंट येणार. त्यात वारा. अशा वेळी बांबू का, याचं उत्तर आपल्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्येच आहे. पोकळ नळीत मटेरियल कडेला असतं, त्यामुळे वजनाच्या मानाने ती वाकायला जास्त विरोध करते. हे त्या कारागिरांना कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही.

इजेले इतर सगळे मुखवटे नाचून झाल्यावर शेवटी येतो. त्याच्या सोबत सहा 'पोलीस' असतात, आणि त्याच्याकडे एक आरसा असतो. तो आरसा वाईट कृत्यं करणाऱ्यांना ओढून घेऊन शिक्षा करतो अशी श्रद्धा आहे.

बायकांनी काय करायचं?

मुलगी म्हणून हा भाग वाचताना मला अस्वस्थ व्हायला झालं, हे सांगितलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी म्मान्वूची दीक्षा फक्त पुरुषांना. काही गावांत वय झालेल्या एखाद्या बाईला मानाची जागा मिळते, बाकीच्यांनी लांबून बघायचं आणि चाबूक घेतलेला मुखवटा अंगावर आला की पळायचं. मुलीच्या सौंदर्याचा आदर्शसुद्धा पुरुषाने नाचून दाखवायचा! सगळ्यांना माहीत असलेलं गुपित पाळण्याची जबाबदारी मात्र बायकांवरही तेवढीच.

पण चित्र एवढंच नाही. इग्बो बायकांकडे मुखवटा नव्हता, तरी त्यांची स्वतःची पद्धत होती. एखादा पुरुष बायकोला छळत असेल किंवा बाजाराचे नियम मोडत असेल, तर गावातल्या बायका मिळून त्याच्या दारात ठाण मांडायच्या. त्याच्यावर रचलेली झोंबणारी गाणी म्हणायच्या, मुसळांनी दारं-भिंती बडवायच्या, आणि तो कबूल होईपर्यंत हलायच्या नाहीत. पुरुषांनी चेहरा झाकून जे साधलं ते बायकांनी संख्येने साधलं. शंभर जणींमधली गाणं म्हणणारी नक्की कोण, हे कसं सांगणार? १९२९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ब्रिटिशांच्या करांच्या धास्तीने हजारो बायका उठल्या तेव्हा त्यांनी हीच पद्धत वापरली, आणि गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या. इतिहासात याला 'स्त्रियांचं युद्ध' म्हणतात.

आणि पश्चिम आफ्रिकेतच सिएरा लिओनमध्ये मेंडे समाज आहे. तिथे 'सांडे' ही बायकांची संस्था आहे, आणि तिच्यात काळाभोर, चकचकीत, मानेवर वळ्या असलेला 'सोवेई' मुखवटा बायका स्वतः घालून नाचतात. लाकडी मुखवटा बायकांनी घालण्याची उदाहरणं आफ्रिकेत फार दुर्मीळ आहेत. मात्र याच संस्थेच्या दीक्षेशी मुलींची जननेंद्रियं कापण्याची क्रूर प्रथा जोडलेली आहे आणि तिच्याविरुद्ध तिथल्याच बायका लढत आहेत. परंपरा बायकांच्या हातात आली की ती आपोआप चांगली होते, असंही नाही.

चर्च, कोर्ट आणि काचेचं कपाट

ओनित्शाला १८५७ मध्ये अँग्लिकन मिशन आलं आणि १८८५ मध्ये कॅथलिक. मिशनऱ्यांच्या दृष्टीने मुखवटे म्हणजे सैतानाची पूजा. शाळेत शिकायचं तर मुखवट्यापासून लांब राहायचं. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे एक गोष्ट मला जवळून कळते. शाळा तुम्हाला खूप काही देते, आणि देता देता घरातल्या काही गोष्टींची थोडी लाज वाटायलाही शिकवते. अचेबेंचे वडील स्वतः चर्चचे शिक्षक आणि धर्मप्रचारक होते. तरी मुलाने मोठेपणी इंग्रजीतच लिहून त्या मुखवट्यांना जगापुढे आणलं.

त्यांच्या त्याच कादंबरीत एक धर्मांतरित माणूस भर रस्त्यात एका मुखवट्याचा चेहरा उघडा पाडतो. गावाच्या दृष्टीने त्याने एका पूर्वजाला ठार मारलं. दुसऱ्या दिवशी सगळे मुखवटे एकत्र येऊन चर्च जमीनदोस्त करतात, आणि तिथून पुढे ब्रिटिश सत्ता आणि गाव यांच्यातली शेवटची ठिणगी पडते. कथा काल्पनिक असली तरी भांडण खरं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी आपली कोर्टं आणि सरकारने नेमलेले 'वॉरंट चीफ' बसवले. राजा नसलेल्या गावांना वरून राजे मिळाले. न्यायदानाचं काम मुखवट्यांच्या हातून गेलं.

तिसरा धक्का वेगळाच होता. युरोपमध्ये आफ्रिकन मुखवट्यांचं कौतुक सुरू झालं. १९०७ मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो म्युझियममध्ये पिकासोने आफ्रिकन वस्तू पाहिल्या आणि त्याच्या चित्रांवर त्यांचा परिणाम झाला, हे सर्वांना माहीत आहे. पण कौतुक झालं ते लाकडाच्या आकाराचं. नुसतं हेल्मेट काचेच्या कपाटात ठेवून त्याला मोटरसायकल म्हणावं, तसं ते आहे. त्यात चाल नाही, आवाज नाही, घाबरून पळणारी पोरं नाहीत. १९६७ ते १९७० या बियाफ्राच्या युद्धात इग्बो प्रदेश उद्ध्वस्त झाला आणि देवळांतल्या पुष्कळ मूर्ती, वस्तू बाहेर गेल्या. जून २०२० मध्ये पॅरिसला क्रिस्टीजने अशा दोन इग्बो देवमूर्तींचा लिलाव केला. त्या युद्धाच्या काळात नेलेल्या आहेत, असं प्रिन्स्टनचे कला-इतिहासाचे प्राध्यापक चिका ओकेके-अगुलू यांनी जाहीरपणे सांगून विरोध केला. लिलाव झालाच, २,१२,५०० युरोंना.

मग आज काय उरलं?

बरंच उरलंय. १९८६ मध्ये तेव्हाच्या अनाम्ब्रा राज्याने एनुगूमध्ये मुखवट्यांचा मोठा सरकारी महोत्सव भरवला. गावोगावचे मुखवटे स्टेडियममध्ये आले. परंपरा टिकेल म्हणून काही खूश झाले, तर आत्म्यांना मंत्र्यांसमोर परेड करायला लावायची काय, असंही काहींना वाटणारच. आज इग्बो लोकांत ख्रिश्चनच जास्त आहेत. तरीही मुखवटे सर्वांत जास्त निघतात त्या काळांपैकी एक म्हणजे नाताळ! कारण सरळ आहे. लागोस, अबुजा आणि परदेशात नोकरी करणारी माणसं तेव्हाच सुट्टी काढून गावी येतात. सकाळी चर्च आणि दुपारी मैदानात मुखवटे, हे अनेक घरांत चालतं. काही पाद्री त्यावर चिडतात, काही समजून घेतात. अमेरिकेत राहणारे इग्बो लोकही आपल्या मेळाव्यांत मुखवटे नाचवतात.

पण एक काळजीची गोष्टही आहे. न्याय देण्याचं काम गेलं, चाबूक मात्र राहिला. मुखवट्याच्या आड लपून वाटसरूंना मारहाण करणं, रस्ता अडवून पैसे मागणं, अशा तक्रारी सणासुदीला येतात आणि प्रशासनाला ताकीद द्यावी लागते. पूर्वी मुखवट्याच्या मागे अख्खं गाव असायचं. कोण आत आहे हे वडीलधाऱ्यांना माहीत असायचं आणि त्याने मर्यादा सोडली तर त्यालाही जाब द्यावा लागायचा. म्हणजे ते झाकणं पूर्ण नव्हतं. आरोपीपासून चेहरा झाकलेला, पण समाजापासून झाकलेला नाही. मला वाटतं, ही व्यवस्था याच एका बारीक अटीवर उभी होती. मुखवट्यामागे कोण आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर तो माणूस काहीही करू शकतो. रॅगिंग करणारे अंधारात दिवे घालवून येतात ते यासाठीच.

म्हणून 'सगळ्यांना माहीत असलेलं गुपित' हे वेडेपणाचं लक्षण वाटत असलं तरी त्यात मोठं शहाणपण आहे. सत्ता चालवणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण त्याला विसरायचंही नाही. इग्बो गावांनी हे कागदावर न लिहिता, कापड, बांबू आणि ढोल यांच्या जोरावर कित्येक पिढ्या चालवलं.

यापुढे कधी एखाद्या म्युझियममध्ये किंवा कुणाच्या दिवाणखान्यात आफ्रिकन मुखवटा भिंतीवर टांगलेला दिसला, तर "किती भयानक चेहरा आहे" एवढंच म्हणून पुढे जाऊ नका. तो कुठल्या गावचा आहे, कुठल्या महिन्यात निघायचा, त्याचा आवाज कसा होता आणि त्याला पाहून नेमकं कोण घाबरायचं, एवढं तरी विचारा. उत्तर देणारं कुणी नसेल, तर त्या भिंतीवर फक्त लाकूड आहे असं समजा. मुखवटा अजून तिकडेच आहे, आणि येत्या डिसेंबरातही तो मैदानात उतरेल.